आरोग्यचिंतन : दाह सोसू नये
स्टोमाभोवतीची त्वचा सोलवटली की साक्रीच्या उन्हाळ्यात घामाने पिशवी सुटेल या धास्तीने रुग्ण पंगत, लग्नकार्य, धुळ्याचा बसप्रवासही टाळू लागतो. हा दाह प्राक्तन नव्हे. चकतीखाली झिरपलेला मळ, विशेषतः लहान आतड्यातील पाचकरस, त्वचेस जाळतो. शस्त्रक्रियेनंतर ६ ते ८ आठवडे स्टोमा आकसतो. चकतीचे छिद्र मात्र जुन्याच मापाचे राहते. म्हणून माप पुन्हा घ्यावे, भोवती २-३ मिलिमीटरच जागा ठेवावी. त्वचा कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेल लावू नये. लाली न ओसरल्यास डॉक्टरांना दाखवावे. घरच्यांनीही नाक मुरडू नये. बहीण गळतीच्या भीतीने घराबाहेर पडेना, म्हणूनच डॅनिश परिचारिका एलिसे सोरेन्सन यांनी १९५४ मध्ये चिकटणारी पिशवी कल्पिली होती.