आजीचं नाव कोणाच्या पाळण्यात?



या खेपेला एका घरातलं भांडण सांगते. नाव बदललं आहे, वस्ती सांगत नाही. सांगायची गरजही नाही. असं घर तुमच्या चाळीत असेल, कदाचित तुमचंच असेल.

आमच्या चाळीत माझी एक मैत्रीण होती. तिला आपण रमाबाई म्हणू. १९५६ साली तिच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ती पाळण्यात होती. माता रमाईंना जाऊन २१ वर्षं झाली होती, पण वडिलांनी मुलीचं नाव मोठ्या अभिमानानं रमा ठेवलं. रमाबाईनं लोकांच्या घरी धुणीभांडी करून दोन मुलं वाढवली. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. दोघंही शिकली, कामाला लागली, दोघांची लग्नं झाली. शेवटची दोन वर्षं बाई लकव्यानं अंथरुणाला खिळली आणि २०२२ साली गेली.

मुलीला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. आई गेल्यावर दोन वर्षांनी मुलगी झाली. तिनं नाव ठेवलं रमा. सगळ्या चाळीला आनंद झाला. पण बाळाचा मामा नामकरणाला आला नाही. झबलं-टोपडं नाही, निरोप नाही. त्याची बायको तेव्हा चार महिन्यांची पोटुशी होती. पुढं त्यालाही मुलगी झाली आणि मग भांड्याचं झाकण उडालं.

भाऊ म्हणाला, "आईनं मला सांगितलं होतं, तुला मुलगी झाली की माझं नाव ठेव. ताईनं ते आधीच उचललं."

बहीण म्हणाली, "आईनं मलाही हेच सांगितलं होतं."

दोघंही माझ्याकडे आली, वेगवेगळ्या दिवशी. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. कारण रमाबाईनं हे मलासुद्धा सांगितलं होतं. "तुझ्या सुनेला मुलगी झाली तर माझं नाव ठेव गं," असं ती नळावर उभी राहून म्हणायची. म्हातारीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

मी दोघांना त्याच खोलीत एकत्र बसवलं. भावाचा आवाज चढला. "मावशी, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून आपला समाज १९७८ पासून १९९४ पर्यंत लढला. घरं जळली, माणसं गेली. आणि मी माझ्या आईच्या नावासाठी बोलायचं नाही?"

मी म्हटलं, "बाळा, तिथं नाव द्यायलाच लोक तयार नव्हते. आपल्या माणसाचं नाव दारावर लागू नये म्हणून विरोध होता. इथं तुझ्या आईचं नाव कोणी नाकारलंय? उलट दोन घरं ते मागताहेत."

तो म्हणाला, "ताई दुसऱ्या घरी गेली. आईचं नाव आईच्या घरात राहिलं पाहिजे."

त्यावर बहीण उठून उभी राहिली. "खोली तुझ्या नावावर करायची होती तेव्हा मी ना हरकतीच्या कागदावर सही दिली. एक शब्द बोलले नाही. खोलीवर सही दिली, आईवर देणार नाही. मी घर सोडलं, आई सोडली नव्हती. दर रविवारी येऊन तिचं डोकं मी धुतलंय."

भगिनींनो, इथं खरं दुखणं बाहेर आलं. भांडण नावाचं नव्हतंच. एकाला वाटत होतं, आईला मी सांभाळलं, त्याची कोणी दखल घेतली नाही. दुसरीला वाटत होतं, मी सही दिली त्या दिवसापासून या घरात मी पाहुणी झाले. ही दोन्ही दुखणी त्या तान्ह्या पोरींच्या अंगावर घातली जात होती.

इतका वेळ भावाची बायको दारापाशी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळंतपणाला तीन आठवडे झालेले. ती हळूच म्हणाली, "त्या खुंटीला आईंच्या औषधाची पिशवी आहे. तीन वर्षं होतील. मी एकटी असते तेव्हा तिच्यावरची धूळ पुसते. आईंचं नाव पाहिजे दोघांना. ती पिशवी काढायला कोणी हात लावत नाही."

खोलीत सगळे गप्प झाले.

मग ती म्हणाली, "आणि हिचं नाव काय ठेवायचं, ते मला अजून कोणी विचारलेलं नाही."

खरंच कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. दोन वर्षं रात्रंदिवस त्या म्हातारीची घाण काढली, तिला भरवलं, कूस बदलून दिली, ती ही परक्या घरातून आलेली पोर. रविवारी बहीण यायची, भाऊ कामावरून रात्री यायचा. मधले सगळे तास हिचे होते. नऊ महिने पोटात बाळ वाढवलं तेही हिनंच. आणि नावाच्या बैठकीत तिला चहा करायला सांगितलं होतं.

ही गोष्ट इथं थोडी थांबवते. दोन-तीन गोष्टी आपण सगळ्यांनीच समजून घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट. नावाचं मोल आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात कचरू, धोंडू, दगडू अशी नावं असायची. मूल जगावं म्हणून वाईट नाव ठेवायची समजूत होती. आणि एखाद्याचं नाव चांगलं असलं तरी गावातला लहानसहान माणूस ते मोडून, 'या' लावून हाक मारायचा. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत कॉलेज काढलं, त्याला सिद्धार्थ नाव दिलं. तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेजच्या परिसराला नागसेनवन नाव दिलं. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घराघरांत गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, संघमित्रा, यशोधरा आल्या. नाव ठेवणं हा आपल्याला मिळालेला मान आहे. म्हणून त्यावरून मन दुखावतं, यात नवल नाही.

दुसरी गोष्ट. या भांडणात मी एक वाक्य दोन्हीकडून ऐकलं. "आईच परत आली." प्रेमानं म्हटलं तर ठीक. पण ते खरं मानलं की भांडण मिटतच नाही, कारण आई एक आणि पाळणे दोन. धम्मात एका देहातून निघून दुसऱ्या देहात शिरणारा आत्मा नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हे स्पष्ट मांडलं आहे. तेव्हा आईचं नाव ठेवणं म्हणजे आईची आठवण ठेवणं, एवढंच. आठवण काही खोलीसारखी नसते, की एकानं घेतली तर दुसऱ्याला उरली नाही. एका पणतीवर दुसरी पणती लावली तर पहिलीचा उजेड कमी होत नाही.

बाबासाहेबांच्याच घरात बघा. यशवंतरावांच्या मुलांत एक भीमराव आहेत आणि मुलीचं नाव रमा आहे. आजोबा-आजीची नावं नातवंडांनी घेतली. आणि देशभर किती भीमराव, किती रमा आहेत! त्या घरानं कोणाला कधी विचारलं नाही की आमचं नाव तुम्ही का घेतलं. आमची रमाबाईसुद्धा उसन्या नावावरच जगली आणि ते नाव तिनं उजळ केलं.

तिसरी गोष्ट, मुलीच्या हक्काची. "ती दुसऱ्या घरी गेली" हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. स्त्रियांना हक्क देणारं हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. २००५ सालच्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आणि तो कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. मिळकतीत जिचा वाटा बरोबरीचा, तिला आईच्या नावात वाटा नाही असं कसं म्हणता येईल? मुलीची मुलगी ही तितकीच नात आहे.

चौथी गोष्ट कागदाची. दोन चुलत-मावस बहिणींची नावं सारखी झाली तर शाळेत, रेशनकार्डावर घोळ होईल अशी भीती घालतात. होत नाही. आपल्याकडे नावापुढं वडिलांचं नाव लागतंच. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं सरकारी कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा नियम महाराष्ट्र सरकारनं केला आहे. म्हणजे आपल्या बाळाच्या नावाला लागून आता आईचं नाव येतं. तेव्हा नाव ठेवताना तिला विचारणं हे तर साधं शहाणपण झालं.

घाईही करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांच्या आत फी न भरता घालता येतं, त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब फी भरून घालता येतं. पण एकदा घातलेलं नाव बदलायला मात्र हेलपाटे पडतात. आमचा हा भाऊ रागाच्या भरात वॉर्ड ऑफिसात नाव लिहायला निघाला होता. बायकोनं फॉर्म गादीखाली लपवला म्हणून वाचला.

आता त्या खोलीत परत जाऊ.

मी सुनेला विचारलं, "सांग, तुला काय ठेवायचंय?"

ती म्हणाली, "प्रज्ञा." मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आईंचं नाव मला जड नाही. ताईंच्या मुलीला ते आहे, मला त्याचा आनंद आहे. पण माझ्या मुलीला शाळेत हाक मारली तर ती हाक तिची असावी. आई मला शेवटी नावाचं काही बोलल्या नाहीत. पोरगी झाली तर शिकव, मधेच काढू नको, एवढंच बोलल्या."

भाऊ काही बोलला नाही. उठला, खुंटीवरची पिशवी काढली आणि उघडली. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं, एक कंगवा आणि दहा-दहाच्या नोटांची घडी निघाली. कंगव्यात पांढरे केस होते. बहिणीनं तो कंगवा घेतला आणि पदराला पुसत बसली. त्या दिवशी एवढंच झालं. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही.

नामकरण पुढच्या महिन्यात पौर्णिमेला झालं. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं मेणबत्ती, अगरबत्ती लावली. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं. कुंडली नाही, अक्षर नाही. पण आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो, तो आपण ठेवला आहे आणि ठेवावा. आत्या येते की नाही, याकडे सगळ्यांचे डोळे होते. बोलावणं करायला भाऊ स्वतः गेला होता, फोन केला नव्हता. ती आली. कडेवर रमा, हातात झबलं. भावजयीनं बाळ तिच्या मांडीवर दिलं. तिनं वाकून कानात सांगितलं, "प्रज्ञा." आवाज थोडा भरून आला होता, पण नाव स्पष्ट होतं.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. खोलीच्या सहीचा विषय अजून दोघांत निघालेला नाही आणि तो एक दिवस काढावाच लागेल. मी दोघांना सांगून ठेवलंय, तो काढाल तेव्हा पोरींना बाहेर खेळायला पाठवा आणि सुनेला आत बसवा.

तुमच्या घरात असा प्रसंग आला तर एवढंच करा. बाळ यायच्या आधी बोला. बाळाच्या आईला पहिल्यांदा विचारा. दोन घरांना एकच नाव हवं असेल तर खुशाल ठेवा. घरात हाक मारायला थोरली-धाकटी म्हणता येतं. आणि राग खोलीचा असेल, दुखण्यातल्या सेवेचा असेल, तर त्याच नावानं तो बोला. बाळाच्या नावाआड लपवू नका.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. बहिणीची पोर आता चालायला लागली आहे, भारी द्वाड आहे. पण तिला रागवायचं म्हणजे पंचाईत, आईचं नाव घेऊन कसं ओरडायचं? बहीण नुसतीच "ए पोरी" म्हणत मागं धावते. भाऊ कामावरून आला, चपला काढल्या आणि दारातूनच विचारलं, "आमची माई आलीय का?"

लहानपणी दोघंही आपल्या आईला माईच म्हणायची.

जयभीम!