जगात जर्मनी, भारतात परभणी... आणि चित्रात?

दिवाळीला भाचा आला होता. अकरावीला आहे. सकाळी चहा पिता पिता मला विचारतो, "मामा, सोळाव्या लुईचं डोकं उडवणाऱ्या जल्लादाचं नाव सांग." आता हे परभणीत कुणाला माहीत असणार? मी आपलं "कोणत्या धड्यात आहे रे?" विचारलं. तर म्हणे, धड्यात नाही, मंगात आहे.

मंगा म्हणजे आमच्या गल्लीतला मंगेश नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं! मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. जल्लादाचं नाव शार्ल-आन्री सांसाँ. 21 जानेवारी 1793 ला त्याच्याच हातून राजा गेला. त्याच्यावर शिनइची साकामोतो नावाच्या जपानी चित्रकाराने 'इनोसंट' ही अख्खी मालिका काढली आहे. भाच्याने ती उघडून दाखवली आणि मी चहा विसरलो. कोटाची बटणं, केसांचे टोप, जिन्याचे कठडे... एकेक वस्तू अशी काढलीय, की माणूस तिथं राहून आला असावा.

मग मी नादीच लागलो. रियोको इकेदा या बाईंनी 1972 मध्ये मारी आंत्वानेतची कथा काढायला घेतली, 'रोझ ऑफ व्हर्साय' नावाची. ती जपानी मुलींच्या साप्ताहिकात यायची. पुढे 2009 साली फ्रान्स सरकारने त्यांचा सन्मान केला. म्हणजे जपानी बाईने फ्रेंचांना त्यांचाच इतिहास दाखवला आणि त्यांनी तो मान्य केला! फुयुमी सोर्यो यांनी चेझारे बोर्जावर मालिका काढली, ती सुरू होते 1491 च्या पिसा विद्यापीठात. मदतीला दांतेचा अभ्यासक घेतला होता. आणि माकोतो युकिमुरा यांची 'विन्लँड सागा', 2005 ते 2025, चांगली वीस वर्षं चालली.

आता कुणी म्हणेल, यात नवल काय, आपल्याकडेही होतंच की. होतं, नाही कशाला म्हणू? माझं लहानपण इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळावर आणि अमर चित्रकथेवर गेलं. 1967 साली अनंत पै यांनी अमर चित्रकथा सुरू केली, राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा चित्रकारांनी ती घरोघर नेली. शाळेपेक्षा जास्त इतिहास मला त्या पातळ पुस्तकांनी शिकवला. पण एक गोष्ट आज खटकते. तिथला नायक कॅलेंडरवरच्या देवासारखा असतो. त्याच्या अंगरख्यावर धूळ नाही, मनात शंका नाही. 'विन्लँड सागा'तला थॉरफिन बापाच्या खुनाचा सूड घ्यायचा म्हणून अर्धं आयुष्य घालवतो, माणसं मारतो, शेवटी डेन्मार्कात गुलाम म्हणून शेत नांगरतो आणि तिथं त्याला आपण काय केलं ते कळतं. माझ्या मते मंगातला खरेपणा तो हा. बटणं तर आहेतच, पण बटणांच्या आतला माणूसही खोटा नाही.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण छाती काढून म्हणतो. मग परभणीचा इतिहास चित्रात कुठं आहे? मी भाच्याला विचारलं, 17 सप्टेंबरला काय झालं? त्याने झेंडावंदन सांगितलं. बरोबरच आहे, बिचाऱ्याने तेवढंच पाहिलंय. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणायचे, बाजारात हाली सिक्का चालायचा, कचेरीचा कागद उर्दूत, स्टेशनवर मीटरगेजची गाडी. यातलं काहीच त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही. व्हर्सायचा जिना मात्र येतो.

तेवढ्यात आजी बोलली. ती कोपऱ्यात वाती वळत बसली होती. तेव्हा ती अकरा वर्षांची. रझाकारांच्या भीतीने घर बंद करून सगळे बैलगाडीने पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेले. किल्ली शेजारच्या चाचांकडे दिली. पोलीस ॲक्शननंतर परत आले तर घर जसंच्या तसं. तुळशीलासुद्धा पाणी घातलेलं. चाचांचं घर मात्र उघडं पडलेलं, आत कुणी नाही. ते कुठं गेले, ते आजीला आजवर कळलं नाही.

ही गोष्ट मी पन्नासदा ऐकली असेल. दर वेळी मान हलवली आणि उठलो. भाच्याने विचारलं, "आजी, किल्ली केवढी होती?"

आजीने वात खाली ठेवली. वीतभर लांब, म्हणाली, टोकाला कडी, कडीत लाल चिंधी. कुलूप पितळी. चाचांनी किल्ली घेताना आधी हात धोतराला पुसले. पन्नास वेळा ऐकून मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नाही.

म्हणून वाटतं, आपल्या मुक्तिसंग्रामावर अशी चित्रकथा यायला हवी, पण ती अर्धी नको. रझाकारांनी जाळलेली गावं त्यात हवीत. उमरीची बँक लुटणारी पोरं हवीत. आणि सप्टेंबरनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं तेही हवं. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने किमान 27 ते 40 हजार माणसं गेल्याचा अंदाज नोंदवला, सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेडला. तो अहवाल कित्येक दशकं दडलेला होता. काहीजण म्हणतील, कशाला जुन्या जखमा उकरायच्या? मला उलट वाटतं. तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला आजही आपण सगळे जातो, शेजारी राहतो. ज्यांना एकत्र राहायचंय त्यांनी दोन्ही घरं काढलेली बरी, कुलूप लावलेलंही आणि उघडं पडलेलंही. एकच घर काढलं तर ते पुन्हा कॅलेंडरच होणार.

असो. भाच्याने त्याच दुपारी वहीत बैलगाडी काढली. चाकाला आरे किती यावरून माझं आणि आजीचं भांडण झालं, बैल घोड्यासारखे दिसतात. पण किल्ली झकास जमलीय.

नातलग मंडळींना विनंती: कुणाच्या ट्रंकेत तेव्हाचे फोटो, हाली नाणी, उर्दू कागद असतील तर मोबाईलवर पाठवा. आणि घरात कुणी नव्वदीतलं माणूस असेल तर नुसतं ऐकू नका, किल्ली केवढी होती ते विचारा. आमची आजी आता दुपारची झोपत नाही, भाच्याच्या फोनची वाट बघत बसते.