उत्तर तुमच्या डोक्यात नाही, उताऱ्यात आहे

परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलेल्या आपल्या मुला-मुलींकडून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘बाकी सगळे जमेल, पण आमचे इंग्रजी कच्चे आहे.’ हे वाक्य आम्ही यापुढे निमूट ऐकून घेणार नाही. काहींचे इंग्रजी खरोखर कच्चे असते, ते आम्ही नाकारत नाही. पण आयईएलटीएसच्या वाचनाच्या पेपरात ज्या बहुपर्यायी प्रश्नांवर आपली मुले मार खातात, ते चुकलेले प्रश्न पुन्हा समोर घेऊन बसलो की चित्र वेगळे दिसते. शब्दांचे अर्थ माहीत असतात, उतारा समजलेला असतो, तरी खूण भलत्याच पर्यायावर गेलेली असते. ही परीक्षा नेमके काय विचारते, हेच त्यांना कुणी सांगितलेले नसते.

पणाला काय लागले आहे ते आधी पाहा. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या वर्षाला जागा 75. परीक्षेची फी 17-18 हजारांच्या घरात. विद्यापीठ बहुधा मागते एकूण साडेसहा बँड, आणि कुठल्याही एका भागात सहापेक्षा कमी नको. वाचनाच्या 40 प्रश्नांपैकी साधारण 23 बरोबर आले की सहा बँड आणि 30 आले की सात. म्हणजे सहा आणि सात यांच्यात अंतर आहे ते सात प्रश्नांचे. ज्या घरात फी उसनवारीने भरली जाते, त्या घरात हे सात प्रश्न चुकले म्हणजे एक वर्ष गेले.

आता मुद्द्याची गोष्ट. आपली बहुतेक हुशार मुले आधी एमपीएससी-यूपीएससीच्या तयारीत घडलेली असतात. त्या तयारीने त्यांना दोन सवयी लावल्या. पहिली, प्रश्न दिसला की आपल्याला काय माहीत आहे ते आठवायचे. दुसरी, खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्यायचा, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. या दोन्ही सवयी आयईएलटीएसच्या वाचनात घातक आहेत. इथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे हातातला गुण टाकून देणे. आणि तुम्हाला जगाबद्दल काय माहीत आहे, याच्याशी परीक्षकाला कर्तव्य नाही. त्याने दिलेल्या उताऱ्यात काय लिहिले आहे, एवढेच तो विचारतो.

उदाहरण आपल्याच इतिहासातले घेऊ. समजा उतारा मुंबईच्या कापड गिरण्यांवर आहे. त्यात म्हटले आहे : विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण अस्पृश्य कामगारांना तिथे सहसा शिरकाव मिळत नसे. धोटा भरताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्या सुताला हात लावायला इतर विणकरांची तयारी नसे. मालकांनी मात्र तसा लेखी नियम क्वचितच केला होता. प्रश्न येतो : अस्पृश्य कामगार विणकामापासून दूर का राहिले? पर्याय चार. एक, त्यांच्याकडे कौशल्य नव्हते. दोन, मालकांच्या नियमांनी त्यांना मनाई केली होती. तीन, सहकाऱ्यांना त्यांच्या लाळेचा विटाळ वाटे. चार, 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा करेपर्यंत कामगार पुढाऱ्यांनी त्याकडे लक्ष दिले नाही.

पहिला पर्याय ऐकायला शहाणा वाटतो. पाठ्यपुस्तकांतून असलेच काही कानावर पडलेले असते. पण उताऱ्यात त्याचा मागमूस नाही. दुसऱ्या पर्यायात उताऱ्यातलेच शब्द आहेत, ‘मालक’ही आहे, ‘नियम’ही आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत फसवा आहे. मधला ‘क्वचितच’ नजरेतून सुटला की माणूस तिथे अडकलाच. बरोबर उत्तर तिसरे. त्यात उताऱ्यातला शब्द जवळजवळ एकही नाही, फक्त अर्थ आहे. या परीक्षेत बरोबर पर्याय बहुधा असाच वेष बदलून येतो, आणि उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे अंगावर घालून येतो तो अनेकदा तोतया असतो.

आणि चौथा? आपली वाचणारी, चळवळीतली, इतिहास पाठ असलेली पोरे नेमकी तिथे जातात. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता हे खरेच आहे. पण या उताऱ्यात ते लिहिलेले नाही, आणि प्रश्न कारणाचा आहे. जे खरे आहे ते उत्तर असेलच असे नाही, हे पचवायला आपल्याला जड जाते. ‘नॉट गिव्हन’वाल्या प्रश्नांतही हाच घोटाळा होतो.

दुसरी मोठी गफलत आवाजाची. उताऱ्यात लेखक आधी दुसऱ्याचे मत मांडतो, नंतर ते खोडतो. घाईत वाचणारा ते दुसऱ्याचे मत लेखकाचे समजून पर्याय निवडतो. याचा सराव कुठल्या महागड्या क्लासात करायची गरज नाही. बाबासाहेबांचा 1948 चा ‘द अनटचेबल्स’ काढा. अस्पृश्यतेचे मूळ वंशात आहे, धंद्यात आहे, असे सांगणारे सिद्धान्त ते आधी सविस्तर मांडतात आणि मग एकेक मोडून काढतात. एक पान घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने लिहा : हे कोण म्हणतो आहे? महाराष्ट्र शासनाने काढलेले इंग्रजी खंड आपल्या अनेक घरांत कपाटात मानाने ठेवलेले आहेत. ते खाली काढायला हे एक चांगले निमित्त आहे. (पूजेसाठी ठेवले असतील तर बोलणेच खुंटले.)

क्लासवाले सांगतात, इंग्रजीतच विचार करा. आम्हाला हे पटत नाही. आमचे म्हणणे असे : आधी फक्त प्रश्न वाचा, पर्याय हाताने झाका. प्रश्नातले नाव, साल किंवा ठळक शब्द घेऊन उताऱ्यात ती जागा गाठा. आयईएलटीएसच्या बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे साधारणपणे उताऱ्यात त्याच क्रमाने येतात, त्यामुळे मागच्या उत्तराच्या पुढे शोधायला लागा. जागा सापडली की तिच्या आगेमागे दोन-तीन वाक्ये सावकाश वाचा आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत तयार करा. मराठीत करा, वऱ्हाडीत करा, घरी बोलता त्या बोलीत करा. मगच पर्यायांवरचा हात काढा. आधी पर्याय वाचणारा माणूस चार अनोळखी माणसांचे सल्ले ऐकून बाजारात जातो. ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘नेव्हर’ असले टोकाचे शब्द पर्यायात दिसले की उताऱ्यात तेवढा जोर आहे का ते तपासा. आणि उताऱ्याचा मुख्य विषय विचारला असेल तर एकाच परिच्छेदापुरता खरा असलेला पर्याय सोडून द्या.

वेळ 60 मिनिटे, उतारे तीन. एका प्रश्नापाशी दोन मिनिटांहून जास्त थांबू नका, काहीतरी निवडा आणि पुढे व्हा. पीटीई देणाऱ्यांना मात्र एक इशारा : तिथे एकाहून अधिक उत्तरे निवडायच्या प्रश्नात चुकीच्या निवडीला गुण वजा होतात, म्हणून अंदाजाने सगळेच पर्याय टिचकवू नका.

चळवळीतले काही मित्र आम्हाला विचारतात, ही परीक्षाच वसाहतवादी गाळणी आहे, तिच्या युक्त्या शिकवून तुम्ही तिलाच मान देत नाही का? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ब्रिटनमधली काही विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर ही परीक्षा माफ करतात, आणि त्यातही कुठल्या बोर्डाला किती गुणांची अट हे वेगवेगळे असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठाला हे विचारून घ्या, फी वाचू शकते. पण गाळणी अन्याय्य आहे म्हणून तिच्यापुढे आपल्या मुलांना कोरे पाठवायचे, हा युक्तिवाद ज्यांची मुले आधीच पलीकडे पोहोचली आहेत त्यांना परवडतो. 1913 साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियात गेले. ते तिथे पोहोचले, म्हणून पुढे त्यांना याच इंग्रजीत आपला खटला जगापुढे मांडता आला.

परीक्षेचा हा भाग शिकायला हजारो रुपयांचा क्लास लागत नाही. केंब्रिजची सराव-पुस्तके वाचनालयांत मिळतात, मोफत सराव-प्रश्न परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्याच संकेतस्थळांवर आहेत. लागतात ती बरोबरची चार माणसे. रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक तास बसा. एक उतारा, सहा प्रश्न. प्रत्येकाने उत्तर सांगताना उताऱ्यातल्या ज्या वाक्यावरून ते आले त्या वाक्यावर बोट ठेवायचे, आणि उरलेले तीन पर्याय का चूक तेही सांगायचे. बोट ठेवता आले नाही, तर बरोबर आलेले उत्तरही चूक धरायचे.