फ्लेचर शिकवतो कधी?

डेमियन शझेलचा ‘व्हिपलॅश’ (2014) सिनेमा म्हणून जबरदस्त आहे, यात वादच नाही. शेवटचं ‘कॅरव्हान’ सुरू झालं की माझ्यासारख्या तबलजीचीही बोटं मांडीवर चालायला लागतात. फ्लेचरच्या भूमिकेसाठी जे. के. सिमन्सला ऑस्कर मिळालं, तेही योग्यच. माझी तक्रार निराळी आहे. संगीत शाळेतला हा नामवंत शिक्षक अख्ख्या सिनेमात एकदाही शिकवत नाही.

आठवून बघा. ड्रम शिकणाऱ्या अँड्र्यूची लय हलते. फ्लेचर खुर्ची भिरकावतो, मग त्याला मात्रा मोजायला लावून थोबाडीत ठेवून देतो आणि विचारतो, तू पळतोयस की रेंगाळतोयस? प्रश्न रास्त आहे. पण पोरगा का पळतोय, हे तो बघतच नाही. तबल्यावर द्रुत लयीत धिरधिर वाजवताना खांदा वर चढला की लय पळणारच. हे कुठल्याही गल्लीतल्या तबला क्लासच्या सरांना दिसतं. मग लय निम्म्यावर आणायची, खांदा सोडायला लावायचा आणि मनगट मोकळं झालं की पुन्हा थोडी थोडी चढवत न्यायची. काम कंटाळवाणं आहे, त्यावर कुणी सिनेमा काढणार नाही. अँड्र्यू आखडलेल्या हातांनी रक्त येईस्तोवर बडवतो आणि सोललेला हात बर्फाच्या पाण्यात बुडवतो. प्रेक्षकांना त्यात तपश्चर्या दिसते. मला काठीवरची चुकीची पकड दिसते.

फ्लेचरचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे. पोरसवदा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर वाजवताना चुकला, ड्रमर जो जोन्सने त्याच्या डोक्याच्या दिशेने झांज फेकली आणि त्या अपमानातून पुढचा महान पार्कर घडला, अशी ती गोष्ट. कॅन्सस सिटीत त्या रात्री हजर असलेला बासवादक जीन रेमी मात्र सांगायचा, की झांज पार्करच्या पायाशी जमिनीवर आदळली आणि लोक हसले. अपमान झाला, हे खरंच. पण 1937 च्या उन्हाळ्यात पार्कर एका बँडबरोबर ओझार्कच्या डोंगराळ भागात गेला. तिथे लेस्टर यंगच्या रेकॉर्ड त्याने घोटून घोटून ऐकल्या, बँडमधल्यांकडून कॉर्ड्स समजून घेतल्या. एवढा भाग फ्लेचर सोयीस्करपणे गाळतो. आपल्या हाताखालून एकही पार्कर निघाला नाही, ही कबुली मात्र तो स्वतःच देतो. आणि त्याचा तो गुणी ट्रम्पेटवाला शिष्य? अपघातात गेला, असं डोळ्यांत पाणी आणून वर्गाला सांगतो. पोराने जीव दिलेला असतो.

तरी अपमानाने शिकवण्याचं हे विष आपल्याकडे चटकन पचतं, कारण गुरूच्या माराचे किस्से आपण मैफलीनंतर चहासोबत चवीने सांगतो. त्याच माराने ज्यांनी वाद्य कायमचं खाली ठेवलं, त्यांचे किस्से सांगणार कोण? चैतन्य ताम्हाणेच्या ‘द डिसायपल’मधला शरद रियाझात कसूर ठेवत नाही, तरी मोठा गवई होत नाही. हे पचवायला जड जातं, म्हणूनच बहुधा माझ्या तबला क्लासातल्या मुलांचे पालक मला तो नव्हे, ‘व्हिपलॅश’ बघायला सांगतात.

मध्यंतरी एका मुलाचे बाबा म्हणाले, “सर, जरा फ्लेचरसारखे कडक व्हा. आमचा पोरगा फार निवांत आहे.” मी मुलाला बसवलं, सावकाश ‘घे’ लावायला सांगितला. म्हटलं, निवांत आहे म्हणून तर त्याचा डग्गा एवढा घुमतो. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि ‘मध्यमा’ परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, ते विचारलं.