बालआसन ‘वाढत्या अंगाचे’ नको

शाळेचा गणवेश ‘वाढत्या अंगाचा’ शिवावा, ही आपल्या मध्यमवर्गीय घरांतील जुनी शिकवण. बाही चार बोटे लांब राहिली म्हणून मुलाचे काही बिघडत नाही आणि एका वर्षाचा खर्च वाचतो. या काटकसरीला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र हाच हिशेब मोटारीतील ‘चाइल्ड सीट’ला, म्हणजे बालआसनाला, लावला जातो तेव्हा तो साफ चुकतो.

छोटी, बहुधा जुनी घेतलेली मोटार आता शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या दारातही दिसते. तिच्यात तान्हे मूल बसते ते आईच्या मांडीवर. मांडीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, ही भावना समजण्यासारखी आहे. पदार्थविज्ञान मात्र भावना जाणत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचे मूल धरून ठेवण्यास सुमारे १४० किलोचे ओझे पेलण्याइतके बळ लागते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९७८ मध्ये बालआसनाचा कायदा अंमलात आला, तेव्हा मूल हातांत धरण्याची मुभा त्यात ठेवली होती; ती पळवाट १९८१ मध्ये बुजवावी लागली.

आपल्या २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने १४ वर्षांखालील मुलास पट्टा अथवा बालआसन आवश्यक ठरवून १,००० रुपयांचा दंड सांगितला आहे. कोणते आसन घ्यावे, हा विचार अर्थातच पालकावर येतो. आणि येथेच दुकानातील ‘जन्मापासून बाराव्या वर्षापर्यंत एकच’ अशा आसनाचा मोह पडतो. अशी सर्वच आसने टाकाऊ असतात असे नव्हे. पण आसन पुढे किती वर्षे पुरेल, हा प्रश्न नंतरचा. आज ते मुलाच्या अंगाला बसते काय, हा पहिला. पट्टे खांद्यांवर सैल राहत असतील, तर धडकेच्या वेळी तान्हे मूल त्यांतून निसटू शकते.

निवड वयावरून न करता उंची आणि वजन यांवरून करावी. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. म्हणून त्याचे तोंड मोटारीच्या मागील बाजूस हवे, म्हणजे धडकेचा भार संपूर्ण पाठीवर विभागला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या १२९ क्रमांकाच्या नियमानुसार हे किमान १५ महिन्यांपर्यंत आवश्यक आहे. आसनाची मर्यादा असेल तोवर पुढेही चालू ठेवावे. पाय पाठीला टेकू लागले, एवढ्यावरून मूल वळविण्याची घाई करू नये. पुढील जागेसमोर एअरबॅग असेल, तर तेथे असे आसन कदापि ठेवू नये. मूल मोठे झाल्यावर ‘बूस्टर’ लागतो, तो पट्टा गळ्यावर आणि पोटावर न येता खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर यावा यासाठी. युरोपात कोठे १३५, तर कोठे १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत तो वापरावा लागतो. (दहा वर्षांच्या मुलाला हे कमीपणाचे वाटते, ते वाटू द्यावे.) शिवाय आसन आपल्याच मोटारीत घट्ट बसते काय, हे पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत.

म्हणजे एका बालपणात दोन-तीन आसने आली, आणि पगारदाराला हा खर्च जड जातो, हे मान्य केले पाहिजे. वापरलेले आसन घ्यावे, तर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल मांडलेली अडचण येथे अधिकच तीव्र होते : विकणाऱ्यास ठाऊक असलेला दोष घेणाऱ्यास दिसत नाही. अपघातातून गेलेल्या आसनाची चीर डोळ्यांना दिसेलच असे नाही. परक्याकडून ते घेऊच नये.

परंतु शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पतपेढ्या आपल्याकडे गावोगावी आहेत. पंख्यापासून घरापर्यंत कर्ज देणाऱ्या या संस्थांनी वीस-पंचवीस नवी आसने घेऊन सभासदांना अनामतीवर का देऊ नयेत? पहिले आसन साधारण दीड वर्षात लहान पडते, ते परत यावे आणि पुढच्या मापाचे न्यावे. प्रत्येक आसन कोणाकडे होते, मोटारीस अपघात झाला काय, याची नोंदवही ठेवावी आणि अपघात झालेले आसन मोडून टाकावे. बाजारात जी माहिती मिळत नाही, ती पतपेढीच्या कपाटात राहील.