पाऊण टनाचा धंदा

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हिशेब क्रेटचा असतो आणि क्रेट २० किलोचा. पाऊण टन क्षमतेच्या छोट्या टेम्पोत कागदोपत्री ३७ क्रेट बसतात, दीड टनाच्या पिकअपमध्ये ७५. एक-दीड एकरवाल्या शेतकऱ्याच्या तोड्याला याहून मोठी गाडी सहसा लागत नाही. लागलीच तर दुसरी खेप होते. मोठा ट्रक सांगावा तर भाडे अंगावर येते, आणि ट्रक भरण्यापुरता आणखी चार-पाच जणांचा माल जमण्याची वाट पाहावी तर तोवर बाजार उतरतो. शिवाय दहाचाकी बांधापर्यंत यायची कशी? त्यापेक्षा वाडीतल्याच कुणाची तरी पिकअप बरी. ती फोन केल्यावर अर्ध्या तासात येते, गाडीवाला स्वतः क्रेट चढवायला हात लावतो आणि पट्टी हातात पडल्यावर भाडे घेतो.

शहरातही हेच. घर बदलणाऱ्याचे कपाट, केटररची पातेली, मांडववाल्याचे बांबू, हार्डवेअरच्या दुकानातले पाइप, गणपतीत ढोलपथकाचे ढोल, सगळे याच गाड्यांच्या हौद्यातून हलते. पुण्यात रविवार पेठेच्या बोळात किंवा मुंबईत मशीद बंदरच्या गल्लीत दिवसाढवळ्या माल पोचवायचा तर दुसरा इलाजही नाही.

या गाड्यांच्या यशाचे श्रेय सहसा कंपन्यांना आणि त्यांच्या इंजिनिअरांना दिले जाते. ते रास्त आहे, पण अर्धेच. छोटी, स्वस्त मालवाहू गाडी एखाद्या देशात रुजते की नाहीशी होते, हे कारखान्याइतकेच कायद्याच्या कलमांवर, कराच्या दरांवर आणि रहदारीच्या नियमांवर ठरते. आपल्याकडे ती रुजली, कारण काही नियम जाणूनबुजून आणि काही अजाणता तिच्या बाजूने पडले. आता जे नवे नियम होत आहेत, त्यांत मात्र तिची आठवण ठेवणारा कुणी दिसत नाही.

आधी कारखान्याचे श्रेय. २०००-०१ या वर्षी टाटा मोटर्सला ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. मोठ्या ट्रकचा धंदा मंदी आली की बसतो, हा धडा महागात पडला होता. मग कंपनीतल्या गिरीश वाघ यांच्या चमूने तीनचाकी मालवाहू रिक्षा चालवणाऱ्यांशी बोलायला सुरुवात केली. त्यांना काय हवे होते? तीनचाकीपेक्षा थोडा जास्त माल, वळणावर न उलटणारी गाडी, हमरस्त्यावर चालेल इतका वेग आणि खिशाला झेपेल इतकी किंमत. एकाने आणखी एक कारण सांगितल्याचा किस्सा पुढे अनेकदा सांगितला गेला: दारात चारचाकी असली की गावात सोयरीक चांगली जुळते. किस्सा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तीनचाकीवाला हा ‘रिक्षावाला’ असतो आणि चारचाकीवाला ‘गाडीमालक’, हा फरक त्या माणसाने बाजार-संशोधनाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा नेमका पकडला होता.

मे २००५ मध्ये आलेली ‘एस’ गाडी या बोलण्यांतून घडली. इंडिका मोटारीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनावरून बेतलेले, दोनच सिलिंडरचे, ७०२ सीसीचे इंजिन. ताकद जेमतेम १६ अश्वशक्ती. क्षमता पाऊण टन. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. एसी, पॉवर स्टिअरिंग असल्या गोष्टींचा विचारही नव्हता. चढावर ती धापा टाकायची, पण चढून जायची. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हणायला सुरुवात केली आणि कंपनीचे नाव मागे पडले. २०१२ पर्यंत अशा दहा लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या. मागोमाग महिंद्राची मॅक्झिमो आणि जीतो, अशोक लेलँडची दोस्त, मारुतीची सुपर कॅरी अशी रांग लागली. गावाकडे बोलेरो पिकअपने असे बस्तान बसवले की तिथे ‘पिकअप’ म्हटले की दुसरी कुठली गाडी डोळ्यांसमोर येतच नाही.

याच वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुढे नॅनो झाली. स्वस्त गाडी, तीही टाटांची, तीही सामान्य माणसासाठी. २००९ मध्ये गाजावाजा करून बाजारात आलेली नॅनो २०१८ मध्ये संपली. ‘सर्वांत स्वस्त मोटार’ ही ओळख तिला भोवली, कारण मोटार घेणाऱ्याला शेजाऱ्याने विचारले की किंमत थोडी चढवूनच सांगायची असते. मालवाहू गाडीचे गणित वेगळे. तिची किंमत कमी म्हणजे हप्ता कमी, हप्ता कमी म्हणजे महिन्याच्या पहिल्या दहा-बारा भाड्यांतच बँकेचे देणे सुटते आणि पुढचे घरी येते. तिथे स्वस्तपणाची लाज वाटण्याचे कारणच नसते.

आता नियमांकडे पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार मालवाहू गाडीला परमिट लागते. मात्र एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नसलेल्या गाडीला त्यातून सूट आहे. ही एक ओळ किती महत्त्वाची आहे, हे गाड्यांच्या माहितीपत्रकांत दिसते. काही पिकअप मॉडेलचे एकूण वजन नेमके २,९९० किलो छापलेले असते! आरटीओच्या एका खिडकीवरचा हेलपाटा वाचवण्यासाठी गाडीच गरजेपुरती आखली गेली. दुसरा मुद्दा परवान्याचा. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्या चालकाला साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते का, हा वाद वर्षानुवर्षे विमा कंपन्या आणि अपघातग्रस्त यांच्यात चालला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो चालकांच्या बाजूने निकाली काढला. तिसरा मुद्दा कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

शहरांचे नियमही नकळत याच गाड्यांच्या पथ्यावर पडले. मुंबईचे घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशीला हलले. त्यामुळे बाहेरगावचा मोठा ट्रक खाडीपलीकडेच रिकामा होऊ लागला आणि वाशी ते दादर, भायखळा, बोरिवली हा शेवटचा टप्पा लहान गाड्यांच्या वाट्याला आला. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना शहरात बंदी घातली गेली, तसा हा वाटा वाढत गेला.

या सगळ्याचा परिणाम सोन्याच्या भाषेत सांगता येतो, आणि मराठी घरात किमतीचा खरा अंदाज त्याच भाषेत येतो. २००५ मध्ये छोटा हत्ती घ्यायला सुमारे ३० तोळे सोने मोडावे लागले असते. जून २०२५ मध्ये आलेली ‘एस प्रो’ ही त्याच पाऊण टनाची नवी गाडी ३ लाख ९९ हजारांपासून सुरू झाली. तिला चारेक तोळे पुरले असते. सोने भडकले हे खरेच, पण गाडीची किंमत वीस वर्षांत दुपटीलाही पोचली नाही, हेही तितकेच खरे. त्यासाठी तडजोडी कराव्या लागल्या. २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले, त्यांनी छोटे डिझेल इंजिन महाग केले आणि पेट्रोल व सीएनजी पुढे आले. मारुतीने तर सुपर कॅरीचे डिझेल मॉडेल बंदच केले.

नियम उलट दिशेने फिरले तर काय होते, त्याचा नमुना अमेरिकेत आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली, तिचा वचपा म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवली. रोख जर्मनीच्या फोक्सवॅगनवर होता. कोंबड्यांचे भांडण कधीच विरले, जकात मात्र राहिली. ती चुकवण्यासाठी जपानच्या सुबारूने ‘ब्रॅट’ या आपल्या छोट्या पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ठोकून तिला प्रवासी गाडी ठरवले होते. अशा युक्त्या फार काळ पुरल्या नाहीत. परदेशी स्पर्धा रोखली गेली, इंधनाच्या नियमांनीही मोठ्या गाड्यांना झुकते माप दिले आणि अमेरिकी पिकअप फुगत गेली. फोर्डने २०२१ मध्ये ‘मॅव्हरिक’ ही त्यातल्या त्यात लहान पिकअप २० हजार डॉलरच्या आत आणली, तेव्हा तिच्यावर उड्या पडल्या. तिचीही किंमत पुढे चढत गेली. आता हाताने काच खालीवर करायची, रेडिओ नसलेली, दोन आसनांची ‘स्लेट’ ही विजेवरची पिकअप एप्रिल २०२५ मध्ये दाखवली गेली, तर तिची चर्चा नवलाईसारखी झाली. आपल्याकडच्या कुठल्याही टेम्पो स्टँडवर अशा गाड्या रोजच उभ्या असतात.

जपानने मुद्दाम उलटे केले. तिथे ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा वर्गच कायद्याने आखला आहे. लांबी ३.४ मीटरपर्यंत, रुंदी १.४८ मीटरपर्यंत, इंजिन ६६० सीसीपर्यंत आणि ट्रक असेल तर भार ३५० किलोंपर्यंत. या चौकटीत राहणाऱ्याला कर कमी. सुझुकी कॅरी १९६१ पासून याच वर्गात मुरली, आणि मारुतीची सुपर कॅरी त्याच घराण्यातली. भातखाचरांमधल्या अरुंद वाटांसाठी देशाने गाडीचे माप ठरवले आणि कंपन्यांनी त्या मापात गाडी बसवून दाखवली.

आपल्याकडे अशी चौकट विचारपूर्वक आखलेली नाही. म्हणूनच तिच्या फटीही दिसतात.

पहिली फट जास्तीच्या भाराची. कागदावर पाऊण टन असलेल्या गाडीत दीड टन भरला जातो, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यासाठी गॅरेजमध्ये पाटे वाढवून घेतले जातात. यात गाडीवाल्याची हाव कमी आणि भाड्याच्या दरातली ओढाताण जास्त असते. त्याने कायद्याने ३७ क्रेट नेतो म्हटले, तर शेजारचा ६० नेतो म्हणतो आणि भाडे त्याला मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भाराचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. साडेतीन लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साडेसात हजारांच्या थोडा पुढे जातो. म्हणजे एका पावतीत अडीच हप्ते गेले. कलमात गाडी चालवणाऱ्याबरोबर ती चालवायला लावणाराही दोषी धरला आहे. प्रत्यक्षात माल भरायला लावणारा व्यापारी किंवा कंपनी क्वचितच सापडते; पावती काचेआड बसलेल्याच्याच नावे फाटते. बाजार समित्या आणि गोदामांच्या फाटकावर वजन करून माल भरणाऱ्याला जबाबदार धरले, तर हा प्रश्न महामार्गावर येण्याआधीच निम्मा सुटेल.

दुसरी फट उभे राहण्याच्या जागेची. शहरांचे वाहनतळ आराखडे मोटारी आणि दुचाकींच्या हिशेबाने होतात. दुकानासमोर दहा मिनिटे माल उतरवायला गाडी कुठे लावायची, याचे उत्तर बहुतेक बाजारपेठांत नाही. मग पार्किंग लाइट लावून गाडी रस्त्यातच उभी राहते, मागे भोंग्यांचा गजर सुरू होतो, हमाल पोत्यांसकट पळतो आणि वाहतूक पोलिसाचे काम वाढते. वाहतुकीची कोंडी ‘टेम्पोवाल्यांमुळे’ होते अशी तक्रार करणाऱ्या सोसायट्यांच्या दारातही दिवसभरात याच गाड्यांमधून पाण्याचे जार, सिलिंडर आणि फर्निचर उतरत असते. ठरावीक वेळेपुरती राखीव, पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेली माल उतरवण्याची जागा प्रत्येक बाजारपेठेत दर शे-दोनशे मीटरवर असावी, ही मागणी खर्चिकही नाही. रंग आणि थोडी शिस्त पुरेल.

तिसरी फट विजेच्या गाड्यांची. शहरातल्या फेऱ्या ठरलेल्या, अंतरे मोजकी, रात्री गाडी दारात उभी. विजेवर जायला याहून सोयीचा धंदा सापडणे अवघड. तरीही केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत अनुदान तीनचाकींसाठी ठेवले गेले आणि २०२५ मध्ये ट्रकसाठी निघालेल्या नियमांत ते साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या ट्रकना आहे. मधल्या छोट्या चारचाकी मालवाहू गाडीला दोन्हीकडे जागा नाही. टाटांनी २०२२ मध्ये आणलेल्या विजेवरच्या एसची किंमत सुरुवातीला दहा लाखांच्या घरात होती. एकट्या गाडीमालकाने तेवढे कर्ज काढायचे कशाच्या जोरावर? परिणामी विजेवरच्या छोट्या गाड्या मुख्यतः ऑनलाइन कंपन्यांच्या ताफ्यांत दिसतात, आणि तिथे गाडी चालवणारा पुन्हा पगारी चालक होतो.

तीनचाकीवरून चारचाकीवर आलेल्या माणसाने गेल्या वीस वर्षांत मिळवली ती मालकी. इंधन बदलताना ती त्याच्या हातून ताफेवाल्यांकडे जाऊ द्यायची नसेल, तर अनुदानाच्या व्याख्येत साडेतीन टनांच्या आतला एक वर्ग वाढवावा लागेल, त्यात एका गाडीच्या मालकाला प्राधान्य द्यावे लागेल आणि मार्केट यार्डांत, टेम्पो स्टँडवर चार्जिंगची सोय करावी लागेल. पहिली दोन कामे दिल्लीत एका अधिसूचनेने होतील. तिसरे बाजार समित्या आणि महापालिकांनी आपल्या पुढच्याच अंदाजपत्रकात घ्यावे.