मोरीचं भूमिपूजन कोणी करत नाही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये गावी जाऊन आलो, आत्याच्या आजारपणाचं निमित्त. (आत्या आता बरी आहे, नातेवाईक मंडळींनी काळजी करू नये.)

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. २०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं. आमच्याकडे निम्मे लोक गावठाणात राहतात, निम्मे वस्त्यांवर. आत्याची वस्ती गावापासून दोन किलोमीटर, काळ्या रानात. पाऊस झाला की वाटेतल्या ओढ्यावरची मोरी तुंबते, पाणी रस्त्यावरून वाहतं आणि दोन-तीन दिवस मोटरसायकलसुद्धा जात नाही. आत्याला रात्री ताप चढला तेव्हा जीप मोरीच्या अलीकडेच थांबली. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधडी टाकून, वर ताडपत्री धरून तिला आणलं.

दोन दिवसांनी गावठाणात गेलो तर आमच्या जुन्या आळीत चकाचक पेव्हर ब्लॉक! इथे आधी काँक्रीट होतं, चांगलं होतं. मग नळाच्या पाइपसाठी ते मधोमध खोदलं, धड बुजवलं नाही, म्हणून आता वरून ब्लॉक. कडेला गटार नाहीच. रस्ता वर आणि उंबरे खाली, त्यामुळे पावसाचं पाणी थेट घरात.

मी जरा तावातावानेच सरपंचांकडे गेलो. नात्यातलेच आहेत. त्यांनी चहा पाजला आणि शांतपणे हिशेब सांगितला. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली, उरलेली ४० टक्के अबंधित. रस्त्याला काही लावायचं तर त्यातूनच. आमदारांच्या शिफारशीने '२५१५'खाली पैसा आला तर तो मंजूर झालेल्या कामालाच लावायचा. वस्तीचा रस्ता 'ग्रामीण मार्ग' म्हणून नोंदलेला असेल तर तो जिल्हा परिषदेकडे. नोंदच नसेल तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवणार. आणि जे थोडं हातात उरतं ते सगळ्या वॉर्डांत सारखं वाटायचं, कारण प्रत्येक सदस्याला लोकांना काहीतरी दाखवायचं असतं.

त्यांचं अगदीच चूक आहे असं म्हणवत नाही. पण पैसा कुठून यावा हे गावाच्या हातात नसलं तरी कामांचा क्रम तर आहे ना? आधी पाइप, मग गटार, मग रस्ता. सांडपाण्याचं काम बंधित पैशातून करता येतं, म्हणजे गटारासाठी रस्त्याच्या पैशाला हात लावायचीही गरज नाही.

दुसरं म्हणजे डागडुजी. मे महिन्यात मोरीतला गाळ काढायचा, चाऱ्या मोकळ्या करायच्या, दोन-चार खेपा मुरूम टाकायचा. जेसीबीचं एखाद्या दिवसाचं काम. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. पाणी निघून गेलं नाही तर तिच्यावर केलेला कुठलाच रस्ता टिकत नाही. पण मोरीतल्या गाळाचं भूमिपूजन होत नाही, त्याची कोनशिला लागत नाही, फोटो निघत नाही. म्हणून ते कुठल्या यादीतच नसतं.

सरपंच म्हणाले, "वस्तीवर दहा घरं, आळीत शंभर. मी कोणाचं आधी बघू?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की घरं मोजू नका, दुसरी वाट आहे का ते बघा. आळीतला रस्ता कितीही खराब असला तरी माणूस दवाखान्यात पोचतो. मोरी तुंबली की वस्तीवरचा माणूस पोचत नाही. शाळेची पोरं आणि दुधाचे कॅनसुद्धा तिथेच अडतात.

गंमत म्हणजे वस्तीचा हा रस्ता ७२ च्या दुष्काळातला. आमच्या आजीने त्यावर खडी फोडलीय, सुकडी खाऊन. शासनाने शेत-पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली खरी, पण तिच्यातही गावाने आधी रस्ता मागावा लागतो. आमच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९८९ नंतर ग्रामसभेत बसून पाण्याला पहिला नंबर दिला आणि तो वर्षानुवर्षं पाळला. त्यांचं कौतुक आम्ही सगळे करतो. यादी मात्र कोणी करत नाही.

हे सगळं मी आत्याला तावातावाने ऐकवत होतो. ती म्हणाली, "मग ग्रामसभेत बोल की."

"माझं मतदान पुण्यात आहे गं."

"माझं हितंच हाय. काय बोलायचं ते कागदावर लिहून दे."

दिलंय लिहून. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा आहे. काय होतं ते कळवतो.